एकच द्राक्ष, तीन बाटल्या आणि तळाशी काचेचा चुरा?

गिरगावचा_मीटरवाला

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृतीत टाकावा की आरोग्यात, ते न कळल्याने इथे टाकतोय. संपादकांनी हवा तिथे हलवावा.

मी बेस्टच्या वीज विभागातून निवृत्त. दारूशी संबंध वर्षातून फार तर दोनदा, तोही मित्रांच्या आग्रहाखातर. वाइनमधलं काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या जानेवारीत एक गंमत झाली. जावई कामासाठी केप टाउनला गेले होते, येताना एक बाटली घेऊन आले. त्याच आठवड्यात पुतण्या पॅरिसहून आला, त्याच्याही हातात बाटली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या तर जावई म्हणाले, "बाबा, योगायोग बघा, दोन्ही एकाच द्राक्षाच्या." मग त्यांनाच चेव आला आणि त्यांनी जवळच्या वाइन शॉपमधून नाशिकची तिसरी आणली. तीही त्याच द्राक्षाची. २५ तारखेलाच आणली, कारण दुसऱ्या दिवशी ड्राय डे.

द्राक्षाचं नाव शेनिन ब्लां. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेण? दुसरं नाव नाही मिळालं ठेवायला?" असो.

२६ तारखेला दुपारी आम्ही सहा जण बसलो. तळलेले बोंबील, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, आणि न खाणाऱ्यांसाठी कोथिंबीर वडी. काचेचे ग्लास चारच, त्यामुळे मी आणि शेजारचे नाना स्टीलच्या पेल्यातून. आता निरीक्षणं. (मीटर वाचायची सवय, नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही.)

नाशिकची: किंचित गोड, पिकल्या पेरूसारखा वास. बोंबलांबरोबर सगळ्यात आधी हीच संपायला लागली, म्हणून जावयांनी अर्धी बाजूला काढून ठेवली.

केपची: गोड अजिबात नाही. तोंडात जडशी, जिभेवर बराच वेळ राहणारी. नाना म्हणाले, "ही पोरासोरांची नाही."

फ्रान्सची: लेबलावर वूव्रे, साल २००९ आणि पुढे एक शब्द, ज्याचा उच्चार पुतण्याने "मोल्य" असा सांगितला. रंग पिवळाजर्द, चव मधाची. पण वास! महाबळेश्वरहून आणलेला स्वेटर पावसाळ्यानंतर कपाटातून काढावा, तसा. मी ग्लास परत करणार होतो, तेवढ्यात दुसरा घोट घेतला आणि मग परत केला नाही.

प्रश्न असे. द्राक्ष एकच, तर चवीत इतका फरक कसा? गोड लागते तिच्यात वरून साखर घालतात का? आणि मुख्य प्रश्न: नाशिकची अर्धी बाटली फ्रिजरखालच्या कप्प्यात ठेवली होती. पाच दिवसांनी काढली तर तळाशी चकचकीत बारीक खडे. उजेडात धरलं तर थेट काचेचा चुरा. आम्ही त्यातली निम्मी आधीच पोटात ढकललेली आहे. हिने बाटली सिंकखाली ॲसिडच्या शेजारी नेऊन ठेवली आहे. जाणकारांनी लवकर प्रकाश टाकावा.

पापलेट_थाळी

काका, खड्यांचं मला माहीत नाही. तिसऱ्या कुठून घेतल्या तेवढं सांगा. आमच्याकडे गेल्या दोन वेळा वाळूच जास्त निघाली.

कोरडा_दिवस

वाइन काय, दारू काय, नाव बदललं की गुण बदलत नाही. २०२२ च्या जानेवारीत याच राज्याच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. कारण काय, तर शेतकऱ्याचं भलं! गदारोळ झाला, निर्णय अमलात आला नाही, ते बरंच झालं. आता घरोघरी २६ जानेवारीला पेले भरताहेत. चालू द्या.

दिंडोरीकरीण

काका, आधी बाटली ॲसिडच्या शेजारून उचला, नाहीतर खरोखर काहीतरी घोळ व्हायचा.

तो काचेचा चुरा नाही. साखर नाही, भेसळही नाही. खात्री करायची तर थोडे खडे गाळणीत घ्या, वाटीत टाका आणि वर उकळतं पाणी ओतून ढवळा. विरघळले तर ते द्राक्षाचे. काच विरघळत नाही. (बोटाने चिमटून बघू नका, शंका असताना असले प्रयोग करायचे नसतात.)

द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं. बहुतेक फळांचा आंबटपणा सिट्रिक नाहीतर मॅलिक आम्लाचा. टार्टारिक भरपूर असलेली फळं मोजकीच, आणि त्यातलं एक तुमच्या ओट्यावरच्या बरणीत आहे: चिंच. हे आम्ल आणि द्राक्षातलं पोटॅशियम मिळून जो क्षार होतो, तो थंडीत विरघळून राहत नाही, खडे धरतो. म्हणून वायनरीत बाटल्या भरण्याआधी टाकी शून्याच्या खाली, उणे चारपर्यंत नेऊन काही दिवस तशीच ठेवतात, म्हणजे जे बसायचं ते टाकीच्या तळाशी बसावं. तरी थोडं राहतं. मग कुणीतरी बाटली फ्रिजरखाली पाच दिवस ठेवतं आणि धागा निघतो. बेकरीत क्रीम ऑफ टार्टार वापरतात, ते हेच खडे, शुद्ध करून दळलेले.

मी हे वाचून सांगत नाही. माहेर दिंडोरी तालुक्यात, सासर मुलुंडला. लग्नाआधी चार हंगाम एका वायनरीच्या लॅबमध्ये होते. आता औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासणीला आहे. ब्युरेट तीच, फक्त आता खोलीला पेरूचा वास येत नाही.

आता साखर. तुमच्या बाटल्यांमधली गोडी वरून घातलेली नाही, ती उरलेली आहे. यीस्ट रसातली साखर खातं आणि अल्कोहोल करतं. त्याला पानातलं सगळं संपवू दिलं की तुमची केपवाली बाटली तयार होते. अर्ध्यावर उठवलं की नाशिकवाली. (फ्रान्समध्ये थंड वर्षी रसात साखर मिसळायला परवानगी मिळते, पण ती यीस्टला खायला घालण्यासाठी, म्हणजे अल्कोहोल थोडं वाढावं म्हणून.) यीस्टला पानावरून उठवणं सोपं नसतं हो. टाकीचं तापमान झपाट्याने खाली आणायचं, सल्फर द्यायचं, मग बारीक फिल्टरमधून यीस्ट गाळून काढायचं. मी रात्रपाळीला दर चार तासांनी टाकीतल्या रसाची घनता मोजायचे. आकडा ठरलेल्या जागी आला की वाइनमेकरना फोन. एकदा मला पहाटे डुलकी लागली आणि टाकी ठरल्यापेक्षा कोरडी झाली. त्यांनी चव घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरी झाली, कोरडी म्हणूनच भरू." त्या वर्षीची सगळ्यात चांगली टाकी तीच होती, असं माझं अजूनही मत आहे. ते मानत नाहीत.

मग गोडी उरूनही ती सरबतासारखी का लागत नाही? पन्हं आठवा. त्यात गूळ किती पडतो ते करणारीलाच माहीत, पिणाऱ्याला मात्र आधी कैरी लागते. शेनिनची कैरी म्हणजे तिचं आम्ल. या द्राक्षाचा खरा दागिना तोच. म्हणून त्याच्यापासून कोरडी, अर्धगोड, मधासारखी आणि फसफसणारी अशा चारही तऱ्हांच्या वाइन होतात. दिंडोरीतच फ्रेंच शाँदाँचा कारखाना आहे, त्यांच्याही फसफसणाऱ्या वाइनमध्ये शेनिन जातं. आणि नाशिकचं म्हणाल तर सुलाच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या त्या दोनच द्राक्षांच्या: सोविनॉन ब्लां आणि शेनिन ब्लां. म्हणजे आपल्याकडच्या या धंद्याच्या ताज्या पर्वाच्या मुहूर्ताला हे द्राक्ष हजर होतं.

पण हा दागिना नाशिकला सांभाळणं महाकठीण.

मूळ गाव याचं फ्रान्समधलं, ल्वार नदीचं खोरं; तुमच्या बाटलीवरचं वूव्रे तिथलंच. तिथे वेल हिवाळाभर झोपते, वसंतात लवकर फुटते आणि फळ पिकतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, कधी त्याहून उशिरा. म्हणजे ऊन उतरत असताना. साखर हळूहळू चढते, गारव्यामुळे आम्ल शाबूत राहतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. पीक एकदाच, आणि ते तयार होतं जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे थंडी ओसरून ऊन चढत असताना. अगदी उलटा जिना. जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारावर असतो तोवर ठीक. फेब्रुवारीत दुपार तापली की मण्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकते, आणि आठवड्याभरात फळ नुसतं गोड आणि मचूळ होऊन बसतं. म्हणून तोडणी पहाटे, डोक्याला बॅटरी बांधून. ऊन अंगावर यायच्या आत क्रेट वायनरीच्या दारात हवेत.

यातली आमच्या घरातली गंमत सांगते. आजोबांपासून आमच्याकडे थॉमसन, नंतर सोनाका. खायच्या द्राक्षाचा सगळा खेळ आंबटपणा घालवण्याचा. मण्यात पाणी उतरलं की बाबा रोज सकाळी एक मणी तोंडात टाकायचे, आणि आंबट लागला की व्यापाऱ्याला सांगायचे, "अजून चार दिवस." २००६ साली त्यांनी दोन एकरांत शेनिन लावलं. मांडव नाही, नुसत्या तारांवर. पहिल्या तोडणीच्या वेळी वायनरीचा माणूस आला, मणी चावला आणि घाईघाईने म्हणाला, "उद्याच तोडा, आंबटपणा उतरायला लागलाय." बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. कोल्ह्याला द्राक्षं आंबट हे लहानपणापासून ऐकलेलं, हा कोल्हा आंबट द्राक्षंच मागायला आला होता.

फळ दिसायलाही गरीब. मणी लहान, आत बिया, घड इतका गच्च की मधे बोट जात नाही, त्यामुळे एक मणी तडकला की कूज आतल्या आत पसरते. आमच्या गावात कुणी पाहुणा आला तर ते कुणी खायला देणार नाही. वर एकाच घडात काही मणी पिवळे, काही अजून हिरवे. ल्वारमध्ये यावर त्यांचा उपाय म्हणजे एकाच बागेत तीन-चारदा फेरी मारायची आणि दर वेळी पिकलेलं तेवढंच तोडायचं.

आणि तुमच्या स्वेटरबद्दल. काका, तुमचं नाक उत्तम आहे. ओल्या लोकरीचा वास ही ल्वारच्या शेनिनची ओळखच मानतात. तुम्ही वाइनमधलं काही कळत नाही म्हणता, आणि शिकलेले लोक जे लिहितात तेच नेमकं लिहून बसलात. 'मोल्य' म्हणजे गोडसर, युरोपच्या सर्वसाधारण नियमाने लिटरला ४५ ग्रॅमपर्यंत साखर. चांगल्या वर्षी द्राक्षं वेलीवरच ठेवतात, ती सुकतात, आणि शरदातल्या धुक्याने काही मण्यांना बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. सालीला बारीक छिद्रं पडून पाणी उडून जातं, आत उरतो मध. आमच्याकडे बुरशी म्हटलं की बाबांची झोप उडते, फवारणीचा पंप बाहेर येतो. तिकडे तिचीच वाट बघतात. आपल्याकडेही लेट हार्वेस्ट शेनिन करतात, पण ती उन्हात वेलीवर सुकवून. पुरणपोळीबरोबर थंड करून घ्या एकदा. तूप कमी करू नका.

टिकण्याचं म्हणाल तर गोड वूव्रे पन्नास वर्षंही धरते, साखर आणि आम्ल दोघंही राखण करतात. आपली नाशिकची मात्र त्याच वर्षी, फार तर पुढच्या वर्षी संपवायची. माळ्यावर जपून ठेवलीत तर मुंबईची हवा मे महिन्यात तिचं काय करेल ते मी लिहीत नाही.

इंजिनरूम

ताईंनी सगळं सांगितलं, मी केपचं थोडं सांगतो. बत्तीस वर्षं जहाजावर काढली, केप टाउनला बऱ्याचदा लागलो. तिथे या द्राक्षाला जुने लोक अजून 'स्टीन' म्हणतात. डच कंपनीच्या यान व्हान रिबेकने १६५५ मध्ये केपला वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ ला पहिली वाइन झाल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. म्हणजे इथे शिवाजी महाराज अफझलखानाला भेटायच्या नऊ महिने आधी. (तारखा अशाच लक्षात राहतात माझ्या, माफ करा.) स्टीन त्या सुरुवातीच्या वेलींपैकी, असं तिथे मानतात.

गंमत अशी की स्टीन म्हणजे आपलंच देशी द्राक्ष, असा त्यांचा तीनशे वर्षं समज. १९६५ च्या सुमारास स्टेलनबॉशच्या ओर्फर नावाच्या प्राध्यापकाने पानं शेजारी ठेवून तपासलं तेव्हा कळलं की हे तर ल्वारचं शेनिन. तोवर त्याची रवानगी बरीचशी ब्रँडीच्या भट्टीत होत होती. नाहीतर स्वस्त गोडसर वाइनमध्ये. लीबरस्टीन नावाची एक होती, १९५९ ला निघाली आणि १९६४ मध्ये वर्षाला तीन कोटी लिटरच्या वर खपली, जगात सगळ्यात जास्त. त्यात मुख्य माल स्टीनच.

आज दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन आहे. एकूण वाइन-द्राक्षांच्या क्षेत्रात शंभरातले अठरा-एकोणीस वाटे त्याचे. स्टेलनबॉशला एका बागेत नेलं होतं आम्हाला. तार नाही, मांडव नाही, ठिबक नाही. वेली कमरेएवढ्या, करवंदाच्या जाळीसारख्या एकेकट्या उभ्या. बुंधा माझ्या मांडीएवढा. आमचा सेकंड इंजिनीअर सांगलीकडचा, घरची द्राक्षबाग. तो तिथे गुडघ्यावर बसला आणि बुंध्यावर हात फिरवत म्हणाला, "ही म्हातारी किती घड देते?" मालकाने आकडा सांगितला तर हा हसायलाच लागला, "एवढं तर आमच्याकडे पाखरं खातात." मग मालकाने दोन ग्लास दिले, एक तरुण बागेचा आणि एक या म्हातारीचा. त्यानंतर हा परत जहाजापर्यंत बोलला नाही. आता तिथे पस्तीस वर्षांवरच्या बागांच्या बाटल्यांना वेगळं सील लावतात, त्यावर लागवडीचं साल असतं. मीटरवाले काका, तुमच्या बाटलीच्या गळ्यावर बघा, जडपणाचं उत्तर तिथे मिळायची शक्यता आहे.

कोरडा_दिवस

@दिंडोरीकरीण, माहिती चांगली आहे, नाकारत नाही. पण शेतकऱ्याचं भलं झालं का, ते राहिलं सांगायचं.

दिंडोरीकरीण

राहिलं नाही, मुद्दाम लिहिलं नव्हतं. विचारलंत तर सांगते.

आमचं झालं नाही. २००८ नंतर मंदी आली, वाइनचा उठाव थांबला, टाक्या भरलेल्या राहिल्या. आमच्याकडचा दोन हंगामांचा माल वायनरीने उचलला, आणि पैसे आज देतो, उद्या देतो. नाव लिहीत नाही, आता ती वायनरीही नाही. बाबा एकदा पावत्यांची पिशवी घेऊन गेटवर दिवसभर बसले होते, संध्याकाळी वॉचमनने चहा पाजून परत पाठवलं. खायचं द्राक्ष असतं तर भाव पडला तरी नाशिकच्या, नाहीतर वाशीच्या मार्केटला नेऊन टाकता येतं, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, आणि त्यानेच दार लावलं तर ते घड कुणाला विकणार? तालुक्यात तेव्हा बऱ्याच जणांनी बागा उपटल्या. आम्ही २०१० ला शेनिन कापलं आणि त्याच खोडांवर थॉमसनचं कलम बांधलं. तारा काढल्या, मांडव केला.

तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं मान्य. 'शेतकऱ्याचं भलं' हे शब्द कुणी माईकवरून म्हटले की मलाही वॉचमनचा तो चहा आठवतो. पण त्यात दोष वाइनचा नव्हता, कराराच्या त्या एका कागदाचा होता, ज्यावर पैसे किती दिवसांत ते लिहिलेलंच नव्हतं. ज्यांचे करार धड होते ती मंडळी आजही शेनिन पिकवतात, त्यात माझा मामेभाऊही आला. औषध फवारणी खायच्या द्राक्षापेक्षा कमी, जीएमध्ये (मणी मोठे करायच्या औषधात) घड बुडवत बसायचं नाही, मण्याच्या फुगवणीची चिंता नाही. तो म्हणतो, झोप लागते.

एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यातल्या एका खोडाला कलमाच्या खालून अजून शेनिनचा फुटवा येतो. बाबा दर छाटणीला तो काढून टाकतात. मी माहेरी असले तर मात्र कात्री दुसऱ्या ओळीकडे वळते.

पापलेट_थाळी

ताई, मासे आणि पांढरी वाइन हे नुसतं फॅड, की त्यात काही तथ्य? लाल घेतली तर काय बिघडतं? आमच्या ऑफिसच्या पार्टीत एकाने सुरमईबरोबर लाल घेतली आणि मासा शिळा आहे म्हणून वेटरशी भांडला.

दिंडोरीकरीण

वेटर बिचारा. मासा ताजा असणार. लाल वाइनमध्ये बऱ्याचदा लोह जास्त असतं, आणि त्याची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात उग्र वास सुटतो. तिसऱ्यांबरोबर तर फारच. जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर हे तपासून दाखवलं आहे. शिवाय लालमधला तुरटपणा आपल्या मिरचीला आणखी तिखट करतो.

शेनिनचं आपल्या जेवणाशी जमतं, कारण आपण माशाला आधीच कोकम नाहीतर चिंच लावलेली असते. आंबटाला आंबट भेटलं की दोघं सौम्य होतात. तिखट असेल तर किंचित गोड नाशिकवाली घ्या, नुसतं मीठ-हळद-लिंबू लावून तळलेलं असेल तर कोरडी. नारळाच्या रसातली कोलंबी असेल तर माझं मत केपच्या बाजूने, पण यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एकच पथ्य: ग्लास अर्धाच भरा. मुंबईच्या हवेत दहा मिनिटांत ती कोमट होते, आणि कोमट शेनिन म्हणजे गार झालेला चहा.

गिरगावचा_मीटरवाला

सर्वांचे आभार. अहवाल सादर करतो.

१) खडे गाळणीत घेतले, चहाचा अर्धा चमचा भरले. स्टीलच्या वाटीत उकळतं पाणी ओतलं. मिनिटभरात गायब. वाटी उजेडात धरून पाहिली, तळ स्वच्छ.

२) ही सगळा वेळ दारात उभी होती, हाताची घडी घालून. पाणी निवल्यावर काही न बोलता पुढे आली, त्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. मी म्हटलं, "अगं, विष ना ते?" तर म्हणाली, "कसलं विष? आमटीला घालायची सोय आहे." वाटीतलं पाणी खरोखरच आमटीत गेलं. चवीत फरक मला तरी कळला नाही.

३) इंजिनरूम साहेब, केपच्या बाटलीच्या गळ्यावर सील सापडलं. लागवडीचं साल १९७८. मी बेस्टला लागलो तेच वर्ष. रिकामी बाटली रद्दीवाल्याला द्यायची होती, ती आता कपाटावर ठेवली आहे.

४) उरलेली नाशिकची काल संपवली. आठवा दिवस असल्याने पेरू गेला होता, आंबटपणा होता. ही यंदा अर्धा पेला प्यायली, स्टीलच्याच.

तिसऱ्या भाऊच्या धक्क्यावरून, पहाटे. वाळूसाठी त्या मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवायच्या, असं ही सांगतेय.